प्रबंधाची प्रकरणं पाडायची कशी? रापणीवर काम करणाऱ्या विद्यार्थिनीला उत्तर

मालवण तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: समाजशास्त्रात पीएच.डी. चालू आहे, विषय सिंधुदुर्ग किनाऱ्यावरची रापण मासेमारी (होडीने समुद्रात लांब जाळं सोडायचं, मग किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून दोरांनी ते ओढायचं आणि मासळी वाटून घ्यायची). अडीच वर्षं झाली, ६ वह्या भरल्या, ४७ मुलाखती झाल्या, दोन रापण संघांच्या जुन्या हिशोबवह्यांचे फोटो हाताशी आहेत. आता मार्गदर्शकांनी १५ दिवसांत 'चॅप्टरायझेशन' आणायला सांगितलं आहे, सल्लागार समितीची बैठक तोंडावर आली आहे आणि वह्या उघडून बसलं की काय कुठे घालायचं तेच सुचत नाही. सोबत तिने केलेला कच्चा आराखडाही दिला आहे.

मी कोकणातल्या मुलामुलींच्या प्रबंधांना वीसेक वर्षं मार्गदर्शन करते आहे. या टप्प्यावर अडकलेली मुलं दरवर्षी भेटतात, आणि बहुतेकांच्या हातात माहिती भरपूर असते. तुमच्याही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा आराखडा असा: प्रस्तावना, सिंधुदुर्ग जिल्ह्याची ओळख, मासेमारीचा इतिहास, रापण मासेमारी, यांत्रिक मासेमारी, मच्छीमारांच्या समस्या, निष्कर्ष आणि शिफारशी. एक करून बघा. 'मासेमारी' खोडून 'आंबा' लिहा, 'मच्छीमार' खोडून 'बागायतदार' लिहा. सातही प्रकरणं जशीच्या तशी उभी राहतात. याचा अर्थ हा आराखडा तुमच्या कामातून आलेला नाही, ग्रंथालयात ठेवलेल्या प्रबंधांच्या अनुक्रमणिका बघून आला आहे. अडीच वर्षं किनाऱ्यावर उभं राहून तुम्हाला जे दिसलं, त्यातलं एकही अक्षर यात नाही.

पण प्रश्नाच्या अगदी शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे. जिथे वाट्याचा हिशोब अजून वाळूवरच, सगळ्यांसमोर होतो, तिथेच रापण टिकली आहे असं वाटतं, पण हे प्रबंधात लिहिता येईल का? अहो, हाच तुमचा प्रबंध आहे. बाकीच्या सगळ्या पानांनी याच एका वाक्याची बाजू मांडायची आहे, आणि ते खोटं ठरत असेल तर तेही त्याच पानांनी दाखवायचं आहे.

तेव्हा पहिलं काम: हे वाक्य एका कोऱ्या कागदावर वर लिहा. खाली एका माणसाची कल्पना करा, जो हुशार आहे, समाजशास्त्र जाणतो, पण ज्याने रापण कधी पाहिलेली नाही. तुमच्या प्रबंधाला किमान दोन बाहेरचे परीक्षक असणार, त्यातला एक विदर्भातला किंवा परराज्यातला असू शकतो. तो हे वाक्य वाचून काय काय विचारेल ते ओळीने लिहा. रापण म्हणजे काय? वाटा म्हणजे काय, कुणाला किती? टिकली म्हणजे नक्की काय, वर्षातून किती वेळा ओढली तर टिकली म्हणायची? मासेच कमी झाले म्हणून बंद पडली नसेल कशावरून? पर्ससीनवाल्यांनी (यांत्रिक बोटीने माशांच्या थव्याभोवती मोठं जाळं टाकून ते खालून आवळणाऱ्यांनी) नेले नसतील कशावरून? माणसं मुंबई-गोव्याला गेली म्हणून ओढायला हातच उरले नसतील तर? तारकर्लीसारख्या ठिकाणी पर्यटनात जास्त पैसे मिळतात म्हणून सोडली असेल तर? हिशोब उघड होतो म्हणून रापण टिकली, की रापण टिकली म्हणून हिशोब उघड राहिला? आणि असं एखादं गाव आहे का, जिथे हिशोब उघड होता तरी रापण बंद पडली?

हे प्रश्न ज्या क्रमाने मनात येतात, साधारण त्याच क्रमाने प्रकरणं पडतात. वाचणाऱ्याला जी शंका आधी येते तिचं उत्तर आधी. माझ्या अंदाजाने तुमचा आराखडा काहीसा असा निघेल, आणि मी मुद्दाम प्रकरणांची नावं न लिहिता वाक्यं लिहिते आहे:

पहिलं प्रकरण: किनाऱ्यावरच्या काही गावांत रापण टिकली, शेजारच्याच गावांत बंद पडली; नेहमी सांगितली जाणारी कारणं हा फरक समजावू शकत नाहीत.

दुसरं: रापण ही माणसांची एक मांडणी आहे, होडी, जाळं, दोर आणि श्रम वेगवेगळ्या घरांचे असतात आणि वाटा त्यांना एकत्र धरून ठेवतो.

तिसरं: हे मी कसं तपासलं, कुठल्या गावांत, कुणाशी बोलून, आणि मी स्वतः कोण आहे.

चौथं: मासे, पर्ससीन, स्थलांतर, पर्यटन, चारही कारणं खरी आहेत, पण ती टिकलेल्या गावांनाही तेवढीच लागू होती.

पाचवं: हिशोब वाळूवरून वहीत, वहीतून घरात गेला तेव्हा काय घडलं.

सहावं: जिथे हे लागू पडत नाही ती गावं.

सातवं: म्हणून काय.

शीर्षकं नंतर आकर्षक करता येतील. आत्ता प्रत्येक प्रकरणाला एक पूर्ण वाक्य हवं, क्रियापदासकट. 'यांत्रिक मासेमारी' या दोन शब्दांशी कुणी सहमत होऊ शकत नाही की वाद घालू शकत नाही. वाक्याशी घालू शकतो. आणि ज्या प्रकरणाचं वाक्य लिहिताच येत नाही, त्या प्रकरणात सांगायला अजून काही नाही हे आपल्याला आजच कळतं. ते तीन महिने लिहून झाल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आता तुमच्या जुन्या आराखड्यातलं काय काय कुठे गेलं ते सांगते, कारण खरी घालमेल तिथेच होते.

'सिंधुदुर्ग जिल्ह्याची ओळख' हे प्रकरण मी काढून टाकलं आहे. जिल्ह्यात आठ तालुके, त्यातले किनाऱ्याला तीनच: देवगड, मालवण आणि वेंगुर्ले. दोडामार्गचं पर्जन्यमान आणि वैभववाडीतली पिकं तुमच्या एकाही युक्तिवादात येत नाहीत, मग ती २५ पानं कशासाठी? जे पुढे कुठेतरी कामाला येणार आहे तेवढंच ठेवा: किनाऱ्याचा कुठला भाग वाळूचा आणि कुठला खडकाळ (रापणीला वाळूचा किनारा लागतो), गाबीत (इथला मच्छीमार समाज) वस्ती कुठे, रस्ता आणि बर्फ कुठपर्यंत पोचतो. चार-पाच पानांत मावतं, आणि ते दुसऱ्या प्रकरणात जातं. याला आणखी एक कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांप्रमाणे प्रबंधातलं साम्य, म्हणजे दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळणारा मजकूर, १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्के आलं तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रत द्यावी लागते. मी पाहिलेल्या बहुतेक प्रबंधांत हे साम्य जिल्ह्याच्या ओळखीत आणि संशोधनपद्धतीच्या व्याख्यांत सापडतं. मुलं काही चोर नसतात. गॅझेटियरमधलं वाक्य दहा जणांनी उचललेलं असतं, अकरावा तेच उचलतो, एवढंच.

मार्गदर्शक म्हणाले की जिल्ह्याचं प्रकरण हवंच, तर वाद घालू नका. बारा पानांचं करा, आणि किनाऱ्यापुरतं करा.

'मासेमारीचा इतिहास' हा जास्त अवघड प्रश्न आहे. इथे काळाचे तुकडे पाडावे लागतात, आणि तुकडा कुठे पाडला यावर सगळं प्रकरण फिरतं. तुमच्या बाबतीत १९८१ हे साल फार मोहात पाडेल. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा, आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तोही १९८१मध्येच. '१९८१पूर्वी' आणि '१९८१नंतर' असे दोन भाग किती छान पडतात! पण त्या वर्षी किनाऱ्यावर दोर ओढणाऱ्याच्या आयुष्यात काही बदललं का? तुमच्या मुलाखतींत म्हातारी माणसं काळ कसा सांगतात ते बघा. सुताची जाळी होती तेव्हा, नायलॉन आलं तेव्हा, होडीला पहिलं मशीन बसलं तेव्हा. त्यांच्या बोलण्यातल्या या खुणा आणि सरकारी साल जुळत नसतील तर खुणांवरून भाग पाडा, कायदा मध्ये कुठेतरी येऊ दे. शिवाय जिल्हाच नवा असल्यामुळे त्याआधीचे आकडे रत्नागिरी जिल्ह्यात मिसळलेले आहेत. ते तालुकावार वेगळे काढता आले नाहीत तर आधी-नंतरचा तक्ता मांडता येणार नाही. ही गोष्ट आराखड्याच्या वेळीच तपासा. आकडे नसलेल्या तक्त्यावर उभं केलेलं प्रकरण ऐन वेळी कोसळतं, मी दोनदा पाहिलं आहे.

हीच चूक खोतीवर (कोकणातली खोतांमार्फत सारा वसूल करण्याची जुनी जमीनपद्धत) काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने केली होती. त्याने १८८०चा खोती कायदा, १९३७मध्ये डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात मांडलेलं खोती निर्मूलनाचं विधेयक आणि १९४९चा निर्मूलन कायदा अशी तीन प्रकरणं पाडली होती. मुंबईच्या विधिमंडळाचा इतिहास म्हणून ते उत्तम होतं, पण त्याचा विषय होता चिपळूणकडच्या कुळांचा अनुभव. कुळांच्या आठवणींत खंडाची (खोताला द्यायच्या धान्याची) मोजणी आणि वेठ (फुकट राबणं) बंद होणं हेच टप्पे होते. सहा महिने गेले तेव्हा आम्ही दोघांनी बसून प्रकरणं पुन्हा पाडली.

'मच्छीमारांच्या समस्या' हे प्रकरण कृपा करून ठेवू नका. समस्या सगळ्या प्रबंधभर आहेत, त्या एका खोलीत कोंडून काय करणार? कर्ज पाचव्या प्रकरणात येईल, पर्ससीनचा संघर्ष चौथ्यात. पर्ससीनच्या बाबतीत मात्र कायद्याचे टप्पे नीट द्यावे लागतील. फेब्रुवारी २०१६मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंधांचा आदेश काढला, २०२१मध्ये १९८१च्या कायद्यात सुधारणा झाली. हे दोन टप्पे तुमच्या मुलाखतींच्या काळाला लागून आहेत, माणसं त्यांच्याबद्दल तावातावाने बोललेली असणार. ते बोलणं भरात येऊन सगळंच्या सगळं घालण्याचा मोह होईल. चौथ्या प्रकरणाचं काम एवढंच की हे कारण तोलून बघायचं: पर्ससीनचा फटका बसूनही कुठल्या गावाची रापण उभी राहिली?

आता संबंधित साहित्याचा आढावा. तुमच्या आराखड्यात तो नाही, म्हणजे तो प्रस्तावनेत कोंबायचा विचार असणार. माझ्या स्वतःच्या प्रबंधात हा आढावा ९० पानांचा होता. अमुक यांनी अमुक साली अमुक म्हटलं आहे, पुढचा परिच्छेद, तमुक यांनी तमुक म्हटलं आहे. मौखिकीच्या वेळी परीक्षकांनी ती पानं बोटाने उलटली आणि विचारलं की बाई, यात तुम्ही कुठे आहात? मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न मी विसरलेले नाही, म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना आढावा लेखकांच्या नावांनी मांडू देत नाही. भांडणानुसार मांडायचा.

तुमच्या विषयात भांडण स्पष्ट आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८मध्ये मांडलं की सामायिक साधन असेल तर प्रत्येक जण ओरबाडणार आणि ते संपणार. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९०च्या ग्रंथात जगभरची उदाहरणं देऊन दाखवलं की लोक आपसांत नियम करून, एकमेकांवर नजर ठेवून अशी साधनं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. त्यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमचा वाळूवरचा हिशोब या भांडणात कुठे बसतो? नजर ठेवण्याच्या मुद्द्यावर, बरोबर मध्यभागी. मग आढाव्याचा हा भाग पहिल्या प्रकरणात १२-१५ पानं. मासळीच्या घटीवरचं शास्त्रीय लेखन चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला, जिथे ते लागणार आहे तिथे. विद्यापीठाच्या नमुन्यात आढावा स्वतंत्र प्रकरण म्हणून सक्तीचा असेल तर दुसरं प्रकरण करा, पण मांडणी हीच ठेवा.

नमुन्याचं निघालंच आहे तर थोडं सांगते. प्रस्तावना, साहित्याचा आढावा, संशोधनपद्धती, विश्लेषण, निष्कर्ष हा पाच प्रकरणांचा साचा वाईट नाही. प्रयोग आणि प्रश्नावलीच्या अभ्यासांना तो चपखल बसतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठात आंब्यावरच्या फुलकिड्यांवर प्रबंध करणाऱ्याला प्रकरणं पाडायची मोकळीकच नसते. प्रस्तावना, आढावा, साहित्य व पद्धती, निष्कर्ष व चर्चा, सारांश हे ठरलेलं. त्याने आपला सगळा विचार उपशीर्षकांत खर्च करायचा. तुमच्याकडे मोकळीक आहे, ती वापरा. आधी विद्यापीठाची लेखी नियमावली मात्र काढून वाचा. 'असंच लागतं' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या निम्म्या गोष्टी तिच्यात नसतात.

एवढं झालं की वह्यांकडे वळा. इथे घाई करू नका, तीन दिवस द्या.

पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या कापा, तीनशे तरी लागतील. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, पुढच्या बाजूला जे दिसलं किंवा ऐकलं ते, मागे ते कुठून आलं: वही ३, पान ४१, मुलाखत १९. 'रापण संघातील आर्थिक व्यवहार' असं चिठ्ठीवर लिहायचं नाही, तो विषय झाला. 'ओढून झाल्यावर तांडेल मासळीचे ढीग वाळूवर घालतो, जाळ्याचे वेगळे, होडीचे वेगळे, ओढणाऱ्यांचे वेगळे. बाया बाजूला उभ्या राहून मोजतात' असं लिहायचं (तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या). 'त्या वर्षापासून मासळी थेट टेम्पोत जाते, पैसे आठवड्याने येतात' ही दुसरी चिठ्ठी. 'दोराला हात लावलेल्या पाहुण्या पोरालाही चार बांगडे मिळाले' ही तिसरी. शब्द लोकांचेच ठेवा, मालवणी असेल तर मालवणीच.

मग घरच्या पडवीत किंवा कॉलेजच्या एखाद्या रिकाम्या वर्गात जमिनीवर सगळ्या पसरा. आमच्याकडे वारा फार, म्हणून मी चिऱ्याचे तुकडे जमवून ठेवले आहेत, प्रत्येक ढिगावर एक. ढिगांना आधी नावं देऊ नका. ज्या चिठ्ठ्या एकमेकींशी बोलतात त्या जवळ ठेवा, एवढंच. संध्याकाळपर्यंत आठ-दहा ढीग होतात. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पुन्हा फिरून बघा, काही चिठ्ठ्या जागा बदलतात. तिसऱ्या दिवशी प्रत्येक ढिगाला वाक्य द्या आणि वरच्या सात वाक्यांशी ताडून बघा. स्टुलावर उभं राहून मोबाइलने फोटो काढून ठेवा, मगच आवरा.

यातून हमखास चार गोष्टी कळतात. एखाद्या प्रकरणाला सहाच चिठ्ठ्या असतात. ते प्रकरण नाही, दुसऱ्या प्रकरणातला एक विभाग आहे. एखाद्याला नव्वद असतात. त्यात दोन प्रकरणं लपलेली आहेत. तुमच्या पाचव्या प्रकरणाचं असं होईल अशी मला शंका आहे, कारण हिशोब वाळूवरून वहीत जाणं आणि वही सगळ्यांसमोर उघडायची थांबणं या दोन वेगळ्या घटना आहेत. वही आली म्हणजे लपवाछपवी आली असं नाही. हे दोन टप्पे वेगळे ठेवलेत तर तुमचा मुद्दा कितीतरी धारदार होईल, आणि कदाचित तुमचं मूळ वाक्यच बदलेल. बदलू दे. तिसरी गोष्ट, काही चिठ्ठ्या दोन ढिगांत जायला बघतात. त्यांची नक्कल करू नका, जिथे त्या पुरावा म्हणून लागतात तिथे ठेवा, दुसरीकडे फक्त उल्लेख. आणि चौथी, पन्नासेक चिठ्ठ्या कुठेच बसत नाहीत. नारळीपौर्णिमेचं वर्णन, दर्यातल्या देवाच्या गोष्टी, आजीने सांगितलेलं वादळ. अतिशय सुंदर असतात आणि टाकवत नाहीत. टाकू नकाच, एका पाकिटात घाला. त्यातून पुढे वेगळा लेख होतो. प्रबंधात मात्र त्यांना जागा देऊ नका.

कातळशिल्पांवर (जांभ्या दगडात कोरलेल्या प्राचीन आकृत्यांवर) काम करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला हे पाकीट फार जड गेलं. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, एकेक सडा (कातळाचं उघडं पठार) तिने उन्हात चालून मापला होता, आणि तिची प्रकरणंही तशीच होती, एका ठिकाणाला एक प्रकरण. कशेळीचा तो प्रचंड हत्ती आणि त्याच्या आकृतीत कोरलेले बाकीचे प्राणी, यावरच ४० पानं. वाचताना प्रत्येक सड्यावर आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आहोत असं वाटायचं. शेवटी सगळी वर्णनं परिशिष्टात एका ठरावीक नोंदपत्रकात गेली, आणि प्रकरणं प्रश्नांची झाली: कोणते प्राणी येतात आणि कोणते अजिबात येत नाहीत, रेघ कोरण्याच्या पद्धती किती, पाणी आणि वाटा यांच्याशी जागांचं नातं काय. तिची मेहनत एक तसूभरही कमी दिसली नाही, उलट वापरात आली. तुमच्या गावांचंही तसंच करा. गावनिहाय माहिती परिशिष्टात, मालवणी शब्दांचा कोश परिशिष्टात, हिशोबवहीच्या दोन-तीन पानांची छायाचित्रं परिशिष्टात.

गावांवरून एक गंभीर गोष्ट. हिशोबात खोट झाली असं एखाद्या संघाबद्दल तुम्ही लिहिणार असाल तर गावाचं नाव देता येईल का, हे आत्ताच ठरवा. शंभर-दीडशे घरांच्या वाडीत 'एक ज्येष्ठ तांडेल' एवढं म्हटलं तरी माणूस ओळखू येतो. नावं बदलायची असतील तर नकाशा, छायाचित्रं, परिशिष्टातल्या वह्या सगळ्यांवर परिणाम होतो, म्हणून हा निर्णय आराखड्याचाच भाग आहे. तुम्ही स्वतः गाबीत घरातल्या आहात असं लिहिलं आहे. तेही तिसऱ्या प्रकरणात उघडपणे लिहा. त्यामुळे कुठली दारं उघडली, आणि कुठे माणसं तुमच्यासमोर गप्प बसली, दोन्ही.

प्रत्येक प्रकरणासाठी आता अर्धं पान लिहायचं: प्रश्न, एका वाक्यात उत्तर, पुराव्याच्या चिठ्ठ्यांचे क्रमांक, आणि वाचणारा इथून पुढच्या प्रकरणात का जाईल ते. शेवटचा मुद्दा लोक गाळतात. तुमच्या चौथ्याकडून पाचव्याकडे जाणं सोपं आहे, नेहमीची कारणं पुरली नाहीत म्हणून दुसरं शोधलं. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना मात्र अडखळायला होतं. पद्धतीचं प्रकरण दुसरं आणि रापणीचं तिसरं करून बघा, कदाचित बरं जुळेल. सिनॉप्सिसमधली (सुरुवातीला सादर केलेल्या संशोधनाच्या रूपरेषेतली) उद्दिष्टं शेजारी ठेवून हेही बघा की प्रत्येक उद्दिष्टाचं उत्तर कुठल्या प्रकरणात मिळतं. एखादं उद्दिष्ट अनाथ राहिलं तर ते परीक्षकांना सर्वांत आधी दिसतं.

पानांची वाटणी सारखी नको. अडीचशे पानांचा प्रबंध धरला तर माझ्या मते चौथ्या-पाचव्या प्रकरणांना मिळून निम्मी पानं जावीत, सहाव्याला तीसेक. प्रस्तावना पंचवीसच्या वर गेली की कुठेतरी पाल्हाळ आहे.

आणि लिहायचा क्रम वाचायच्या क्रमासारखा नसतो. पद्धतीचं प्रकरण आधी लिहा, कारण काय केलं ते अजून आठवतं आहे. मग पाचवं, मग चौथं. प्रस्तावना शेवटून दुसरी. वेळापत्रक मांडताना समुद्राचं आणि गावाचं पंचांग समोर ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, माणसं घरी जाळी दुरुस्त करत बसलेली, निवांत बोलतात. राहिलेल्या मुलाखती तेव्हाच होतील, ते दोन महिने लिखाणात घालवू नका. गणपतीत आणि शिमग्यात तुमच्याच्याने काही होणार नाही, ते दिवस आधीच वजा करा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं आहे, महिलांना आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते, आणि दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. म्हणजे दर सत्राला एक प्रकरण समितीसमोर ठेवलं तरी तुमचं वेळेत जमतं.

मार्गदर्शकांकडे जाताना दोनच कागद न्या. एकावर सात वाक्यं. दुसऱ्यावर पाचव्या प्रकरणाचं भरलेलं अर्धं पान, चिठ्ठ्यांच्या क्रमांकांसह. सातही प्रकरणं थोडी थोडी भरून नेलीत तर चर्चा शीर्षकांवरच होते. एक पूर्ण भरलेलं दिसलं की त्यांना तुमच्याकडचा माल दिसतो आणि बोलणं पुराव्यावर येतं. नोंदणीकृत शीर्षक बदलायची वेळ आली तर त्याला विद्यापीठाची मान्यता लागते, तेव्हा ते त्यांना लगेच विचारून घ्या. प्रकरणं पुढेही बदलतील, माझ्या एकाही विद्यार्थ्याचा पहिला आराखडा शेवटपर्यंत तसाच राहिलेला नाही.

मला तुमच्या सहाव्या प्रकरणाची काळजी वाटते. हिशोब उघड असूनही रापण बंद पडली असं एक तरी गाव तुमच्या वह्यांत आहे का, आणि असेल तर तिथल्या मुलाखती किती? दोनच असतील तर येत्या जूनमध्ये आधी तिथे जा. तिथल्या बायांशी बोला, वाळूवरचे ढीग मोजणाऱ्या त्याच होत्या.